कपाटाला कुलूप, कानाला नाही

विक्रोळी म्हटले की आपल्या घरात एकच वस्तू आठवते: गोदरेजचे कपाट. लेकीच्या लग्नात ऐपत नसताना दिलेले, किंवा कापसाला एका वर्षी बरा भाव मिळाला तेव्हा हौसेने आणलेले. आत काय असते? सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीची नोटीस, व्यापाऱ्याची पट्टी, आणि नशीब असेल तर गहाण टाकायचा राहिलेला एखादा दागिना. १८९७ साली कुलपे बनवायला निघालेल्या या कंपनीचा पसारा पुढे विक्रोळीत उभा राहिला आणि तिथली कपाटे खेड्यापाड्यांत पोचली. किल्ली घरधनीण कमरेला खोचून ठेवते, नवऱ्यालाही सहजी देत नाही. त्याच घरातला शिकलेला पोरगा मात्र फोनवर कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हटले की ओटीपी सांगून मोकळा होतो. कपाटात फारसे काही नसते, त्याला कुलूप. खात्यात पीकविम्याचे आणि चुकाऱ्याचे पैसे असतात, ते उघडे.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, या महिन्यात भाव, कर्ज आणि वीज हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून फोनवर येणाऱ्या मजकुराबद्दल लिहायचे आम्ही ठरवले. काहींना हा शहरी चोचल्यांचा विषय वाटेल. तो तसा नाही. त्याचा हिशेब रुपयांत मांडता येतो, आणि पहिला हिशेब विक्रोळीचाच आहे.

कपाटांच्या त्याच गावात गोदरेज ॲग्रोव्हेट या पशुखाद्य आणि कोंबडीच्या धंद्यातल्या कंपनीचे मुख्यालय आहे. २०२० च्या फेब्रुवारीत करोना अजून आपल्या दारात यायचा होता. पण फोनवर तो आलेला होता. ‘कोंबडी खाल्ल्याने करोना होतो’ असा मजकूर, सोबत कसल्यातरी आजारी कोंबड्यांची चित्रे. कोणी लिहिले, चित्रे कुठली, कधीची, काही ठाऊक नाही. महिना संपता संपता या कंपनीचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बलराम सिंह यादव यांनी सांगितले की कोंबडीचा खप जवळपास निम्म्यावर आला आहे आणि भाव सत्तर टक्क्यांनी कोसळला आहे. कोंबडीतून हा रोग होतो याला काही आधार नाही, असे केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने फेब्रुवारीतच सांगितले होते. हैदराबादेत तर मंत्र्यांनी व्यासपीठावर बसून लोकांसमोर कोंबडी खाऊन दाखवली. उपयोग शून्य. मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात लोटले. पक्ष्याला रोज खाद्य घालायचे आणि विकायला नेले तर वाहतुकीचाही खर्च निघायचा नाही, मग तो दुसरे काय करणार?

आपल्यापैकी कोणी म्हणेल, आमचा कापूस आणि ज्वारी, कोंबडीशी आमचा काय संबंध. संबंध सांगतो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, त्यानंतर सोयाबीनची पेंड. खरिपाची ज्वारी काढणीला पावसात सापडून काळी पडली की माणसाच्या ताटात जात नाही, ती जनावराच्या आणि कोंबडीच्या खाद्यात जाते. म्हणजे मुंबईच्या बाजारात कोंबडी थांबली की खाद्याचा कारखाना थांबतो, तो थांबला की मोंढ्यातला व्यापारी हात आखडतो, आणि व्यापाऱ्याने हात आखडला की तुमच्या पोत्याची बोली दीडशे-दोनशेने खाली येते. त्या वर्षी मक्याचा हमीभाव १७६० रुपये होता आणि उन्हाळ्यात बाजार त्याच्या कितीतरी खाली होता. पुढे २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, तिचा वाटा त्यात आहेच. सगळे पाप एका अफवेच्या माथी मारणे खरे होणार नाही. पण उतरण टाळेबंदीच्या महिनाभर आधी सुरू झाली होती, आणि ती सुरू करायला ना दुष्काळ लागला ना आयात. चार ओळींचा एक मजकूर पुरला.

आता महत्त्वाची गोष्ट पाहा. कोंबडी खाणे बंद कोणी केले? वाडीवस्तीवरच्या अडाणी माणसाने नव्हे. त्याच्या घरी ती महिन्यातून एकदा शिजते. बंद केले मुंबई-पुण्याच्या पदवीधराने. डॉक्टर हाकेच्या अंतरावर, वर्तमानपत्र दारात, वाचायला दोन-तीन भाषा येतात, अशा माणसाने. अफवा पसरली की सरकारी साहेब आणि शहरातले विद्वान ‘ग्रामीण भागातले अज्ञान’ म्हणून सुस्कारा सोडतात. २०२० साली अज्ञान शहराचे होते आणि किंमत गावाने मोजली. शिक्षण आणि पारख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली कॉलेजात मिळते, ती आम्हीही घेतली आहे. दुसरी बहुधा बैलबाजारात मिळते.

पण म्हणून आपण आपली पाठ थोपटून घ्यायचे कारण नाही. १ जुलै २०१८ हा दिवस विसरता येत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तिथे पोचली. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसे आपल्या गावांतून फिरत आली आहेत, आपल्या आजीने त्यांना सुपातून धान्य घातले आहे. पण मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा मजकूर त्या भागातल्या फोनांवर आधीच फिरत होता. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. पाचही जण निरपराध होते. मारणारे लोक गावातले होते, आपल्यासारखे शेतावर राबणारे, आणि प्रत्येकाला वाटत होते की आपण लेकराबाळांचे रक्षण करतो आहोत. कोंबडीच्या अफवेने भाव गेला, इथे जीव गेले. त्या मजकुरावर तारीख नव्हती, गाव नव्हते, पळवलेल्या एकाही मुलाचे किंवा त्याच्या बापाचे नाव नव्हते. एवढे एक जरी कोणी विचारले असते, की बाबा रे, कोणाचे मूल हरवले, कोणत्या ठाण्यात तक्रार आहे?

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, चालवून पाहतो, वशिंडाखाली हात फिरवून जू लागलेले आहे का बघतो, आणि विकणाऱ्याच्या गावात ओळखीचा कोणी असेल तर त्याला विचारतो. विकणारा सख्खा मेव्हणा असला तरी दात पाहायचे सोडत नाही. फोनवरच्या मजकुराला मात्र आपण मेव्हण्याचे तोंड बघून पास करतो. ‘विक्रोळीहून आपल्या बाळूने पाठवलंय’ एवढे कारण पुरते. दुष्काळाने आणि कर्जाने इथून उठवलेली किती घरे आज कन्नमवारनगरात, टागोरनगरात, पार्कसाइटच्या उतारावर राहतात. कन्नमवारनगराला तर चांद्याच्या मारोतराव कन्नमवारांचेच नाव आहे. तिथला पोरगा गावच्या गटावर मजकूर टाकतो तो मायेने टाकतो, यात शंका नाही. पण पाठवणारा बाळू आहे, लिहिणारा बाळू नाही. त्यालाही तो कोणीतरी कंपनीच्या गेटवर, कोणी लोकलच्या डब्यात पाठवलेला असतो. बाळूचा भरवसा मजकुराला लावणे म्हणजे टपाल्याचा स्वभाव चांगला म्हणून पाकिटातली नोटीस खरी मानणे.

व्हॉट्सॲपवर मजकूर पुढे ढकललेला असेल तर वर एक बाण दिसतो. बऱ्याच हातांतून ढकलत आला असेल तर दोन बाण दिसतात. राईनपाड्याच्या महिन्यातच, जुलै २०१८ मध्ये, कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये दोन बाणांच्या मजकुराला एकावर आणली. आमचे सांगणे सोपे आहे. दोन बाण दिसले की ते काळ्या पडलेल्या ज्वारीसारखे समजावे: फेकून द्या असे नाही, पण पाखडल्याशिवाय घरात घेऊ नका.

आता आपल्या पिकाकडे येऊ, कारण खरा पैसा इथे जातो.

जुलै लागला की फोनवर फवारणीचे व्हिडिओ सुरू होतात. अंगात पांढरा शर्ट, मागे हिरवेगार कपाशीचे शेत, हातात बाटली, आणि ‘एकच फवारणी, बोंडअळी साफ’. त्यात दोन-तीन औषधे एकत्र करायला सांगतात, वरून टॉनिक, वरून स्टिकर. हा माणूस कोण? कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या जमिनीत त्याने हे केले? शेजारी न फवारलेली चार ओळी कपाशी ठेवली होती का? आम्हा कृषी पदवीवाल्यांना कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात की शेजारी तुलनेची ओळ नसेल तर औषधाने काम केले की पावसाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. आणि मात्रा? पाठीवरच्या साध्या पंपाची मात्रा निराळी, पॉवर पंपाची निराळी. व्हिडिओतल्या माणसाच्या पाठीवर कोणता पंप आहे हे बहुतेक वेळा दिसतच नाही, तो बाटली दाखवण्यात गुंतलेला असतो.

२०१७ चा खरीप यवतमाळकरांना सांगायला नको. फवारणीच्या विषबाधेने त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पावसाळी उकाडा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि टाकीत एकाहून जास्त औषधांची मिश्रणे. तेव्हा मिश्रणाचा सल्ला दुकानाच्या काउंटरवर मिळत असे. आज तोच सल्ला फोनवर फुकट मिळतो आणि एका रात्रीत दहा जिल्ह्यांत पोचतो. एवढाच फरक.

म्हणून व्हिडिओ पाहू नका असे आम्ही म्हणत नाही. पाहा, आणि मग बाटली हातात घ्या. बाटलीवर उभ्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत कमी विषारी. सोबतच्या घडीपत्रकात कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रा आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे हे छापलेले असते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने ते छापणे बंधनकारक आहे. व्हिडिओत सांगितलेले पीक त्या पत्रकात नसेल, तर तो व्हिडिओ कितीही लाख लोकांनी पाहिलेला असो, तुमच्या उपयोगाचा नाही. अक्षरे बारीक असतात ही तक्रार रास्त आहे. ती बारीक का असतात हा प्रश्न कंपन्यांना आणि सरकारला आपण विचारायलाच हवा. तोवर पोराला वाचायला सांगा. आणि विषबाधा झालीच तर फोनवरचे घरगुती उपाय शोधत बसू नका. माणसाबरोबर ती बाटली घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरला औषधाचे नाव कळले तर उतारा लवकर सापडतो.

गुलाबी बोंडअळीबद्दल तर फोनपेक्षा शेत जास्त खरे बोलते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्याला आठ पतंग आले, किंवा शेतात फिरून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांतली दोन फोडल्यावर किडकी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. त्याआधी केलेली फवारणी म्हणजे दुकानदाराला दिलेली देणगी. या हिशेबाला ना इंटरनेट लागते ना रेंज, विळा आणि तासभर वेळ लागतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोला, परभणीची विद्यापीठे हेच सांगत आली आहेत. त्यांची भाषा रुक्ष, पाठीमागे संगीत नाही, म्हणून त्यांना कोणी पाहत नाही. साहेबलोकांनी जरा गावाच्या बोलीत बोलायला शिकावे, ही आमची जुनी मागणी आहे.

बियाण्याचे तसेच. मे महिन्यात ‘तणनाशक मारले तरी न मरणारी’ कपाशी फोनवरून विकली जाते. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी असे बियाणे उघडपणे पेरून कायद्याला आव्हान दिले, ते आपणा सर्वांना माहीत आहे. या वाणाला परवानगी असावी की नसावी हा वाद निराळा आहे आणि तो आपल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी तावातावाने होतो, होऊ द्या. पण जे उघड मैदानात पेरले गेले ते वेगळे, आणि अनोळखी नंबरवर आगाऊ पैसे भरून रात्री फाट्यावर घेतलेली, बिल नसलेली पिशवी वेगळी. पिशवीत काय आहे हे विकणाराही छातीठोक सांगू शकत नाही. उगवले नाही तर तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीपुढे काय ठेवणार? पावती नाही, टॅग नाही, लॉट नंबर नाही. ज्वारीचे असो की कपाशीचे, कोणतेही बियाणे पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ज्वारीचे पंचाहत्तर तरी उगवले पाहिजेत. गोणपाटाला जाहिरात करता येत नाही.

भावाच्या बातमीत बहुधा खोटेपणा नसतो, शिळेपणा असतो. २०२२ च्या पहिल्या सहामाहीत कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वेळची खरीखुरी पट्टी, खराखुरा फोटो, पुढल्या हंगामात पुन्हा फिरला की तो खोट्याहून वाईट. त्या पुढच्या हंगामात कित्येक घरांत कापूस माळ्यावर आणि पडवीत पडून राहिला, खाज सुटली, वजन घटले, आणि शेवटी कमी भावात गेला. भावाचा मजकूर आला की तारीख, बाजार, प्रत आणि ओलावा विचारावा. ‘कापूस दहा हजार’ या वाक्यात यांतले एकही नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ केले आणि पुढे ती माफी डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. ही बातमी खरी होती आणि आपल्या पोटावर येणारी होती. खऱ्या बातमीला सरकारी अधिसूचना असते, तिला तारीख असते, ती दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत येते. जी बातमी फक्त आपल्याच गटावर आहे आणि ‘मीडिया दाखवणार नाही’ असे ज्यात लिहिले आहे, ती वाचून आपल्याला राग का येतो आहे एवढे आधी पाहावे. रागाच्या भरात माणूस बोट लवकर दाबतो, आणि लिहिणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

पावसाचेही थोडक्यात सांगतो. महिनाभर आधी तुमच्या तालुक्यातल्या पावसाची तारीख सांगणारा माणूस ज्योतिषी आहे, हवामानतज्ज्ञ नव्हे. हवामान खात्याचे जिल्ह्याचे अंदाज चार-पाच दिवसांपुरतेच कामाचे असतात आणि तेही चुकतात. फरक एवढाच, की ते चुकले तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असते. पेरणी करायची ती पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्यावर. दुबार पेरणीचे बियाणे कोणताही व्हिडिओवाला आणून देत नाही.

मग फोन फेकून द्यावा का? काही ज्येष्ठ मंडळी बैठकीत तसे म्हणतात आणि टाळ्याही मिळवतात. पण सरकारने शेतकऱ्याचा सगळा कारभार त्याच फोनात नेऊन ठेवला आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी फोनवर. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर नोंदणी ‘कपास किसान’ या ॲपवर. ज्याला फोन येत नाही त्याचा सातबारा कोरा राहतो आणि कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. सक्तीने फोन हातात द्यायचा, आणि त्यात चोर शिरला की ‘सावध राहा’ म्हणून हात झटकायचे, हा सरकारी न्याय आहे. चोर याच सक्तीवर जगतात. ‘पीएम किसानची यादी’ किंवा ‘हप्ता थांबला आहे’ अशा नावाची फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके असते. ती यादी नसते, ते ॲप असते. ते फोनात बसले की तुमचे संदेश दुसरीकडे वाचले जाऊ शकतात आणि ओटीपी तुम्हाला विचारायचीही गरज उरत नाही. कोणतीही सरकारी यादी एपीके फाईलने येत नाही. दुव्याचा पत्ता वाचायचा तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा तुकडा वाचावा. तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर सरकारचे. आधी कुठेतरी ‘पीएमकिसान’ लिहिलेले असणे म्हणजे काही नव्हे, ते कोणालाही लिहिता येते. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, तोवर अडवता येतात. आठवडा गेला की संपले. शेतीच्या सल्ल्याला किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

आणि अधिकाऱ्यांना एक सांगणे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असे पत्रक काढून तुमचे काम होत नाही. कशावर ठेवावा ते सांगा. अफवा तिथेच रुजते जिथे खरी माहिती चार दिवस उशिरा पोचते. आमची मागणी अशी की खरिपात दर आठवड्याला तालुका कृषी अधिकाऱ्याने त्या आठवड्यात फिरलेल्या मजकुरांपैकी खरे काय आणि खोटे काय ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहवून घ्यावे, खाली आपले नाव आणि सही करावी. चुकले तर आम्ही त्या नावाला विचारू. सही नसलेला सरकारी मजकूर आणि दोन बाणांचा मजकूर यांत आम्ही फरक करणार नाही.

पुढल्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या गटावर महिनाभरात आलेला एक मजकूर वहीत उतरवून आणावा: कोणी पाठवला, त्याला कोणी पाठवला, असे जितके मागे जाता येईल तितके. दुपारच्या सत्रात एकेक वाचून छाननी करू. कृषी विद्यापीठाचे एक माणूस आणि पोलिसांच्या सायबर शाखेचे एक माणूस बोलावण्याचा प्रयत्न चालू आहे. बायाबापड्यांनी मुद्दाम यावे, कारण बचत गटांच्या फोनांवर सर्वांत जास्त कर्जाच्या जाहिराती येतात. फोन घरून चार्ज करून आणावेत, सभागृहात प्लग दोनच आहेत.